रिपोर्ट नॉर्मल, पण मला उभं राहवत नाही

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई, मी ४१ वर्षांची, सोलापूरला पूर्व भागात राहते, युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनवर आहे. चार वर्षं झाली अंग दुखतंय. आधी कंबर होती, मग मान, खांदे, आता हातपाय पण. झोप नीट लागत नाही, सकाळी उठले की रात्रीपेक्षा जास्त दमल्यासारखं होतं. सहा डॉक्टर झाले. रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल. एमआरआयमध्ये थोडी गादी सरकलीय म्हणाले. एकजण म्हणाले ऑपरेशन करून टाका, योजनेत बसवू. दुसरे म्हणाले ह्यात काहीच नाही, आणि माझ्याकडे न बघता मिस्टरांना विचारलं, मिसेसना घरात काय टेन्शन आहे का? तिसऱ्यांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० म्हणून रात्रीची बारीक गोळी लिहून दिली, मेडिकलवाला म्हणाला ही डिप्रेशनची आहे, मग मी घेतलीच नाही. आता गल्लीतल्या डॉक्टरांकडनं पुड्या आणते, त्याच्यावर दिवस निघतो. सासूबाई म्हणतात मशीनवर बसताना बरं दुखत नाही, भाकरी थापतानाच कसं दुखतंय. मिस्टर चांगले आहेत पण ते पण आता काही बोलत नाहीत. ताई, खरं सांगा, हे माझ्या मनाचं आहे का? माझं मलाच कळेना झालंय."

अगं, मी तुला तू म्हणणार आहे, रागावू नकोस, तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि मानेपासून उजव्या हातापर्यंतचं दुखणं ११ वर्षं सोबत घेऊन फिरतेय, त्यामुळे थोडा हक्क आहे असं समजते. मी डॉक्टर नाही हे पण आधीच सांगते, औषधाचं जे काय लिहीन ते डॉक्टरला विचारायचे प्रश्न म्हणून घे, स्वतःच सुरू-बंद करायला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देते. नाही. तू नाटक करत नाहीयेस, मनाने काही तयार केलेलं नाहीस. चार वर्षं खोटं दुखवून घेऊन सहा डॉक्टरांच्या लाइनीत कोण उभं राहतं, पगार बुडवून?

जगभरातल्या दुखण्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांची आणि संशोधकांची एक संघटना आहे, आयएएसपी नावाची, तिने १९७९ साली दुखणं म्हणजे काय ह्याची व्याख्या केली होती आणि २०२० मध्ये ती सुधारली, आणि त्या व्याख्येच्या खाली ज्या टिपा जोडल्या त्यात साफ लिहिलंय की माणूस जेव्हा सांगतो मला दुखतंय तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवला पाहिजे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते, कारण तोपर्यंत मला वाटायचं की माझं काम आहे दुखणं सिद्ध करणं, आणि मी ते नीट करत नाहीये म्हणून डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत. तुझं पत्र वाचताना मला तेच दिसलं. तू पण कोर्टात उभी असल्यासारखी फाइल घेऊन फिरतेयस. ते थांबव. दुखणं सिद्ध करायचं नसतं, सांगायचं असतं, आणि डॉक्टरने त्यावर काम करायचं असतं.

आता रिपोर्ट नॉर्मल असून दुखतं कसं, ते तुला तुझ्या मशीनवरूनच सांगते. शिवताना सारखा दोरा तुटतोय, शिवणीला चुण्या पडतायत, तू कापड बदललंस, सुई बदललीस, बॉबिन बदललीस, तरी तुटतोच. मग कोणीतरी जुनी बाई येते आणि दोऱ्याच्या टेन्शनचा स्क्रू बघते, तो कुणीतरी फुल्ल आवळून ठेवलेला असतो. कापडात दोष नव्हता, सुईत नव्हता, पण दोरा खरोखरच तुटत होता ना? शरीरात पण असं होतं. खूप दिवस दुखत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदूतली दुखणं पोचवणारी यंत्रणा आवळल्यासारखी होते, साध्या गोष्टीला पण दुखल्याचा निरोप जातो, आणि मग एका जागचं दुखणं पसरत जातं. १९८३ पासून ह्यावर शोध चाललाय, सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात त्याला. एमआरआय कापड आणि सुईचा फोटो काढतो, स्क्रू किती आवळलाय ते त्यात दिसत नाही. झोप नाही, चिंता आहे, ह्याने तो अजून आवळतो हे खरं आहे, म्हणून टेन्शनचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. पण संबंध असणं वेगळं आणि "मिसेसना टेन्शन आहे" म्हणून फाइल बंद करणं वेगळं.

आणि हे फक्त लक्षण नाही, आजार म्हणून त्याला जागा मिळालीय. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी असते, आयसीडी-११, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतःचा वेगळा नंबर आहे. तुझं तीन महिने नाही, चार वर्षं झाली. पण कागदावर जागा मिळाली तरी ओपीडीत मिळायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात तुझ्यासारख्या बायका सहा-सहा डॉक्टर फिरतात.

एमआरआयचं जरा नीट सांगते कारण ऑपरेशनचा विषय त्याच्यावरच उभा आहे. २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला, ज्यांना कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन त्यात होते. त्यात चाळिशीच्या माणसांमध्ये ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि ५० टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. न दुखणारी माणसं, लक्षात घे. म्हणजे तुझ्या कारखान्यातल्या चाळिशीच्या सगळ्या बायकांचे एमआरआय काढले तर कितीतरी जणींच्या रिपोर्टात तुझ्यासारखंच वाक्य येईल आणि त्या मजेत काम करत असतील. थोडी गादी सरकली ह्या एका ओळीवर कंबर उघडायची नसते. पायात कळ जातेय, पायाची ताकद कमी झालीय, तपासणीत तीच नस दबलेली सापडतेय, असं सगळं जुळून आलं तर ऑपरेशनचा विचार करण्यात अर्थ असतो. तू त्या डॉक्टरना एकच विचार, कंबरेचं ऑपरेशन केल्यावर माझी मान, खांदे आणि हात कसे बरे होणार? ह्याचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नकोस. आणि योजनेत बसतंय हे कारण धरूच नकोस. महात्मा फुले योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांना पैसे देते, ते चांगलंच आहे, किती जणांचे जीव वाचले त्यात, पण तुला ज्याची गरज आहे, म्हणजे कोणीतरी अर्धा तास बसून ऐकणं, हळूहळू व्यायाम शिकवणं, दर महिन्याला बोलावून गोळी वरखाली करणं, त्याला तसं पॅकेज नाही. त्यामुळे सगळी गाडी कापण्याकडे आणि टोचण्याकडे वळते. कुणी एक डॉक्टर वाईट आहे म्हणून नाही, जिथे पैसे मिळतात तिकडे व्यवस्था जाते. पण भोगतेस तू.

एक गोष्ट मात्र थांबून वाच. पायातली ताकद अचानक जायला लागली, जांघेत बधिर वाटलं, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा लघवी तुंबली, किंवा ताप आणि वजन उतरणं दुखण्याबरोबर आलं, तर मग हे सगळं बाजूला, त्याच दिवशी सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जायचं, रात्र असली तरी.

आता ती बारीक गोळी. मला त्या मेडिकलवाल्याचा इतका राग नाही आला जितका लिहून देणाऱ्याचा आला. गोळी चुकीची नव्हती गं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन डिप्रेशनसाठी देतात तेव्हा डोस ७५, १०० असा कितीतरी मोठा असतो. १० मिलिग्रॅम रात्री देतात ते बहुतेक करून दुखणं आणि झोप ह्याच्यासाठी, तोच आवळलेला स्क्रू जरा सैल करायला. ब्रिटनमध्ये नाइस म्हणून एक सरकारी संस्था उपचारांचे नियम ठरवते, तिने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की दुसऱ्या कुठल्या आजाराने ज्याचा उलगडा होत नाही अशा जुनाट दुखण्यात पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकच्या जातीच्या पेनकिलर सुरू करू नका, त्यापेक्षा व्यायाम, बोलण्याचे उपचार आणि डिप्रेशनच्या गोळ्यांपैकी काही, ज्यात ही पण आहे, ह्यांचा विचार करा. म्हणजे सहा जणांत ह्या डॉक्टरने सगळ्यात जवळचा नेम धरला होता, फक्त दोन वाक्यं बोलायची राहिली. "ही गोळी डिप्रेशनला पण देतात, तुम्हाला मी दुखण्यासाठी देतोय, तोंड कोरडं पडेल, सकाळी जड वाटेल, फरक पडायला काही आठवडे लागतील." झालं असतं. ही दोन वाक्यं न बोलल्यामुळे तू गोळी फेकलीस आणि पुडीकडे गेलीस. त्याच डॉक्टरकडे परत जा आणि विचार, ती गोळी मी घेतली नव्हती, आता घेऊ का, हृदयाचा किंवा काचबिंदूचा काही त्रास असेल तर आधी सांग. सगळ्यांना ती लागू पडत नाही, मला नाही पडली, माझ्या वहिनीला पडली.

पुडीबद्दल मला काळजी वाटतेय, खोटं कशाला बोलू. त्यात काय आहे ते तुला कोणी सांगितलेलं नाही. अशा पुड्यांमध्ये डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर असू शकते आणि काही वेळा स्टेरॉइड पण असतं, म्हणून तर एका तासात जादू होते. पेनकिलर रोज पोटात गेली तर अल्सर होतो, किडनीवर येतं, बीपी वाढतं, आणि तू सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली आठ-नऊ तास बसतेस, पाणी कमी पितेस (संडासला जायला लागू नये म्हणून, हो ना?), त्यात किडनीवर अजून भार. स्टेरॉइड असेल तर चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण हे वाचून उद्यापासून पुडी एकदम बंद करू नकोस! स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, ते अचानक तोडलं तर माणूस गंभीर होऊ शकतो. पुडी घेऊन, तशीच्या तशी, मेडिसिनच्या ओपीडीत दाखव, किती दिवस घेतेस ते खरं सांग, क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि साखर तपासून घे आणि कसं कमी करायचं ते त्यांना ठरवू दे. तिथे कोणी ओरडलं तर ओरडू दे, पण लपवू नकोस.

कुठे जायचं हा तुझा खरा प्रश्न असणार. सातवा, आठवा डॉक्टर असं करू नकोस, नवीन डॉक्टर म्हणजे परत पहिल्यापासून, परत तेच रक्त, परत तोच एमआरआय. एक धर. सिव्हिलच्या मेडिसिन विभागापासून सुरू कर, आपल्याकडे मेडिकल कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल आहे, रांग मोठी आहे पण सगळे विभाग एका आवारात आहेत. तिथे विचार की मला फायब्रोमायल्जिया असू शकतो का, आणि आमवात, थायरॉइड, ड जीवनसत्त्व हे सगळं बघून झालंय का. फायब्रोमायल्जिया हा आजार बायकांमध्ये जास्त सापडतो, अंगभर दुखणं, न भागणारी झोप, थकवा असं त्याचं रूप असतं, आणि तो रक्तात किंवा एक्स-रेमध्ये दिसतच नाही. पूर्वी, १९९० च्या नियमाने, अंगावरच्या १८ जागा दाबून ११ दुखल्या पाहिजेत असं होतं, २०१० पासून ती अट काढली, आता पेशंटला नीट विचारून निदान करता येतं. विचारून! म्हणजे ऐकावं लागतं. तुला तोच आहे असं मी म्हणत नाही, पण कोणी विचार तरी केलाय का हे बघ. संधिवाताचे डॉक्टर, रुमॅटॉलॉजिस्ट, हे जास्त ओळखतात. आणि पेन क्लिनिक नावाचा प्रकार असतो, तो आपल्याकडे बहुतेक करून भूल देणारे डॉक्टर चालवतात, भूल विभागात जाऊन चौकशी कर, दुखण्यासाठी वेगळी ओपीडी आहे का, कुठल्या वारी.

आणि ऐकायला वेळ किती मिळतो? २०१७ मध्ये ६७ देशांच्या अभ्यासात निघालं होतं की आपल्याकडे साध्या तपासणीत डॉक्टर एका पेशंटला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास देतात. दोन मिनिटांत चार वर्षं कशी सांगणार? हा अन्याय आहे, पण तो सुधारेपर्यंत ती दोन मिनिटं आपण वाया जाऊ द्यायची नाहीत. एक कागद घे, वहीचं एकच पान, त्यावर मोठ्या अक्षरात लिही: कधीपासून, कुठून सुरू झालं, कुठे पसरलं, आतापर्यंत कुठली औषधं घेतली आणि कशाने काय झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय जमत नाही ते. "सगळं अंग दुखतंय" म्हणू नकोस, हे वाक्य ते दिवसातून पन्नास वेळा ऐकतात आणि त्यांचा हात आपोआप कॅल्शियम लिहायला जातो. "वीस मिनिटं मशीनवर बसले की उठून उभं राहावं लागतं, पाण्याची घागर उचलत नाही, रात्रीतून चार वेळा जाग येते, महिन्यात इतके खाडे होतात" असं सांग. मला पहिल्यांदा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं होतं, दिवसभरात काय काय जमत नाही तुला? सात वर्षांत पहिल्यांदा. त्याआधी एका ठिकाणी मला सांगितलं होतं की मूल झालं की जाईल, मी तेव्हा दोन मुलांची आई होते, केसपेपर उघडून पण बघितला नव्हता.

कुठेही भरती झाली असशील तर तिथले कागद मागून घे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे, पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. अर्ज लेखी दे.

मिस्टरांना बरोबर ने. पण आधी घरी ठरवून जा. डॉक्टर त्यांच्याकडे वळून बोलायला लागले की त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं, "तिलाच विचारा." बास. ते गप्प झालेत असं तू लिहिलंस, मला नाही वाटत त्यांचा विश्वास उडालाय, सहा दवाखाने तुझ्याबरोबर फिरलेला माणूस आहे तो. बहुतेक त्यांना काय करावं ते कळत नाहीये आणि पुरुषांना ते बोलता येत नाही. हे वाचून दाखव त्यांना.

आता रोजचं. व्यायाम म्हटलं की तुला राग येईल, मला यायचा, उभं राहवत नाही आणि म्हणे योगा करा. पण त्या सांगण्यात चूक एवढीच होती की किती आणि कसा ते सांगितलं नाही. बरं वाटलं त्या दिवशी आपण काय करतो? गोधड्या धुतो, डबे घासतो, राहिलेले पीस पूर्ण करतो, आणि मग तीन दिवस आडवे. ते चक्र तोडायचं. पाच मिनिटं चाल, बरं वाटलं तरी पाचच, त्रास झाला तरी जमेल तेवढी चाल, पंधरा दिवसांनी सात कर. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने सकाळी किती जण चालतात, त्यांच्याशी बरोबरी नको. फिजिओकडे गेलीस तर नुसते मशीनचे शेक घेऊन येऊ नकोस, मला घरी करायचे तीन व्यायाम शिकवा म्हण. कारखान्यात स्टूलला पाठ असेल तर बघ, वीस मिनिटांनी दोन मिनिटं उभी राहा, पीस रेटवर ते कठीण आहे मला माहितीये, पण दोन मिनिटांनी जेवढे पीस कमी होतात त्यापेक्षा खाड्याने जास्त जातात.

काही रात्री फार काळोखी जातात, नको वाटतं सगळं. तसं झालं तर १४४१६ ला फोन कर, टेलीमानस, सरकारचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. तिथे फोन केला म्हणजे दुखणं मनाचं ठरलं असं होत नाही, चार वर्षं दुखलं की कुणाचंही मन थकतं.

राहिल्या सासूबाई. त्यांना सांग की मशीनवर पण दुखतं, पण तिथे बोललं की पीस दुसरीला जातात म्हणून दात आवळून बसते, आणि ते आवळलेलं संध्याकाळी परातीसमोर सुटतं. घरी दुखतं असं दिसतं कारण घरी दुखल्याचं दाखवायची मुभा आहे, निदान असायला पाहिजे. आणि आठवड्यातून दोन दिवस कडक भाकरी विकत आण, आपल्या सोलापुरात त्याला कोणी नाव ठेवत नाही, शेंगाची चटणी आणि दही घेतलं की जेवण झालं. कोणी काय म्हणालं तर माझं नाव सांग, आणि ओपीडीत काय झालं ते लिहून कळव, पुडी दाखवल्याचं आधी लिही.